डोलोरेस गावची घंटा व मेक्सिकोच्या स्वातंत्र्याचा वारसा

धर्मग्रामाच्या ज्युबिलीचे स्मरण करू लागलो म्हणजे दोन वस्तू प्रथम आमच्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. एक देवळाची घंटा व दुसरी बाप्तिस्म्याची नोंदवही. पहिली सर्वांस हाक मारते, दुसरी प्रत्येकाचे नाव लिहून घेते. या दोहोंच्या दरम्यान धर्मग्रामाचे सारे आयुष्य सामावलेले असते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. घंटांस इतिहासही असतो. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला सर केला, तेव्हा इकडील देवळांच्या घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर गेल्या व त्यांपैकी काही आजही तेथील मंदिरांत टांगलेल्या आहेत, हे आपल्या लोकांस ठाऊकच आहे. युद्धात लुटल्या गेलेल्या घंटा पुष्कळ असतील. परंतु जिने स्वतःच एका युद्धास आरंभ केला अशी घंटा विरळाच. तिची हकीकत आम्ही या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहो. ती मेक्सिको देशातील डोलोरेस नामक गावच्या देवळाची होय.

मेक्सिको देश आपल्यापासून अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर असला, तरी आपल्या भाविकांस तो अगदीच परका नव्हे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानातील नागासाकी येथे ज्या सव्वीस जणांस क्रुसावर चढवून ठार करण्यात आले, त्यांत वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया होते. आणि त्यांच्याच समवेत मेक्सिको शहरात जन्मलेले तरुण फ्रान्सिस्कन संत फेलिपे दे हेसूस हेही होते. एकाचा जन्म पोर्तुगालच्या सत्तेखालील भूमीत, दुसऱ्याचा स्पेनच्या सत्तेखालील भूमीत. परंतु दोघांनी एकाच टेकडीवर, एकाच श्रद्धेसाठी प्राण दिले व १८६२ साली दोघांस एकाच दिवशी संतपद मिळाले. तेव्हा या हुतात्म्याच्या मायभूमीची कथा ऐकण्यास आपले कान उत्सुक असावेत, हे स्वाभाविकच आहे.

१५२१ साली एर्नान कोर्तेस याने आस्तेक लोकांचे राज्य बुडविले. तेव्हापासून तीनशे वर्षे हा देश ‘नवे स्पेन’ या नावाने स्पेनच्या राजाच्या अंमलाखाली होता. १८१० च्या सुमारास त्याची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास होती व त्यांत मूळ रहिवाशांचा भरणा निम्म्याहून अधिक होता. तथापि अधिकाराची शिडी जन्मावरून ठरलेली असे. अगदी वरच्या पायरीवर स्पेनमध्ये जन्मलेले गोरे. व्हाइसरॉय, न्यायाधीश व बिशप बहुधा त्यांच्यातूनच येत. त्यांच्याखाली त्याच रक्ताचे, परंतु वसाहतीत जन्मलेले ‘क्रिओल’. त्यांच्याखाली मिश्र रक्ताचे मेस्तिसो. त्यांच्याही खाली मूळ रहिवासी आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांची संतती. मूळ रहिवाशांस व मुक्त झालेल्या काळ्या लोकांस राजाला दरडोई खंडणी भरावी लागे. गोऱ्यास ती माफ होती.

ही शिडी देवळाच्या दारापाशी थांबत नसे, ही यातील सर्वांत दुःखाची गोष्ट. अनेक धर्मग्रामांत बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या वेगवेगळ्या ठेवलेल्या असत. एक स्पॅनिश लोकांची, एक मूळ रहिवाशांची, एक मिश्र जातींची. बाप्तिस्म्याच्या कुंडातील पाणी एकच. परंतु ते मस्तकावरून ओघळून सुकण्यापूर्वीच बालकाची पायरी शाईने कायम होई. पुढे त्याने खंडणी भरावयाची की नाही, त्याने कोणत्या हुद्द्याची आशा धरावी, हे त्या शाईवरून ठरत असे. शिवाय ‘पात्रोनातो’ नामक हक्काने बिशपांची निवड राजाच्या हाती होती. पोर्तुगीज राजाचा ‘पाद्रोआदो’ आपल्याकडे जसा होता, तसाच हा प्रकार. त्यामुळे राजाविरुद्ध बोलणे म्हणजे जणू धर्माविरुद्ध बोलणे, अशी सामान्य जनांची समजूत करून देणे सोपे जाई.

अशा देशात ८ मे १७५३ रोजी मिगेल हिदाल्गो यांचा जन्म झाला. ते क्रिओल होते. वायादोलिद शहरातील सान निकोलास विद्यालयात त्यांचे अध्ययन झाले व पुढे ते त्याच विद्यालयाचे प्रमुखही झाले. १८०३ साली ते डोलोरेसचे धर्मगुरू म्हणून आले. डोलोरेस या शब्दाचा अर्थ ‘दुःखे’. दुःखी मातेच्या नावाने वसलेले हे गाव. तेथे फादर हिदाल्गो यांनी गोरगरिबांकरिता कुंभारकामाचा कारखाना काढला, कातडी कमाविण्याचा धंदा उभारला, तुती लावून रेशमाचे किडे पाळले, मधमाशा ठेवल्या, द्राक्षांचे वेल लावले. त्यांस फ्रेंच येत असे, तशीच ओतोमी या मूळ रहिवाशांची बोलीही येत असे. त्यांच्या घरी पुस्तके, गाणेबजावणे आणि सर्व थरांतील पाहुणे यांची वर्दळ असे. साधुपुरुष म्हणून त्यांची ख्याती होती असे म्हणता येणार नाही. त्यांच्या वर्तनाबद्दल व मतांबद्दल धर्मन्यायालयाकडे तक्रारीही गेल्या होत्या. परंतु आपल्या मेंढरांच्या पोटाची चिंता वाहणारा मेंढपाळ म्हणून लोक त्यांच्यावर जीव टाकीत.

युद्धाची कारणे अनेक होती. १८०४ साली स्पेनच्या सरकारने हुकूम काढून धर्मसंस्थांचा कर्जाऊ दिलेला पैसा वसूल करून स्पेनकडे पाठविण्यास फर्माविले. या पैशावर शेतकरी व जमीनदार यांचा व्यवहार चालत असल्याने शेकडो घराणी अडचणीत आली. हिदाल्गो यांच्या कुटुंबासही त्याची झळ लागली. १८०८ साली नेपोलियनने स्पेनच्या राजास कैद केले. तेव्हा आता हुकूम कोणाचा मानावयाचा, हा प्रश्न उभा राहिला. त्यातच त्या दोन-तीन वर्षांत पाऊस रुसला व मका महाग झाला. केरेतारो येथे काही क्रिओल मंडळी गुप्तपणे उठावाचा बेत करू लागली. त्यांत सैनिकी अधिकारी इग्नासिओ आयेंदे होते, फादर हिदाल्गो होते आणि शहराच्या मुख्य अधिकाऱ्याच्या पत्नी होसेफा ओर्तिस या बाईही होत्या. कट फुटला. तेव्हा स्वतःच्या घरात कोंडलेल्या असताही या धैर्यशील बाईंनी निरोप पोहोचविण्याची व्यवस्था केली. आणि त्या निरोपानेच इतिहासाची दिशा बदलली.

१६ सप्टेंबर १८१० हा रविवार होता. पहाटे डोलोरेसच्या देवळाची घंटा वाजली. मिस्सेकरिता आलेल्या लोकांस धर्मगुरूंनी वाईट राज्यकारभाराविरुद्ध उठण्यास सांगितले. कोणाच्या हाती कोयता, कोणाच्या हाती काठी, कोणाच्या हाती गोफण. अशी ती सेना निघाली. वाटेत आतोतोनिल्को येथील देवळातून फादर हिदाल्गो यांनी ग्वादालुपेच्या मातेचे चित्र घेतले व ते भाल्यावर लावून ध्वज केला. सावळ्या वर्णाची ही माता त्या देशातील मूळ रहिवाशांची लाडकी. थोड्याच आठवड्यांत पन्नास हजारांहून अधिक लोक तिच्यामागे चालू लागले. उलट, मेक्सिको शहरात राजपक्षाने रेमेदिओसच्या मातेची मूर्ती आणून तिला आपल्या सेनेची संरक्षक केले. वाचकहो, या प्रसंगाचा क्षणभर विचार करावा. एकाच मातेची दोन नावे, आणि ती दोन नावे घेऊन तिचीच लेकरे एकमेकांच्या उरावर बसलेली! मातेच्या हृदयास तलवार भोसकेल असे जे शिमोनाने सांगितले होते, त्याचा आणखी कोणता अर्थ करावा?

आणि येथे आम्हांस एक कटू सत्य सांगितलेच पाहिजे. कारण ज्युबिलीच्या पानांतही इतिहासाने खोटे बोलू नये. २८ सप्टेंबर रोजी ही सेना ग्वानाह्वातो या रुप्याच्या खाणींच्या शहरी पोहोचली. तेथील स्पॅनिश लोक आपल्या बायकामुलांसह व संपत्तीसह सरकारी धान्यकोठारात आश्रयास गेले होते. कोठार पडले व आत कत्तल झाली. शहर लुटले गेले. पुढे वायादोलिद व ग्वादालाहारा येथे शेकडो स्पॅनिश कैद्यांस चौकशीवाचून रात्रीच्या वेळी ठार करण्यात आले, आणि हे आपल्या संमतीने घडल्याचे फादर हिदाल्गो यांनी पुढे चौकशीत नाकारले नाही. राजपक्षही मागे राहिला नाही. ग्वानाह्वातो परत घेतल्यावर त्यांच्या सेनापतीने तेथील अनेक रहिवाशांस फासावर चढविले. धर्मगुरूच्या ज्या हातांनी पवित्र भाकर उचलावयाची, त्या हातांनी तलवार उचलावी काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. मिचोआकानचे नियुक्त बिशप आबाद इ केइपो हे हिदाल्गो यांचे जुने स्नेही. त्यांनीच त्यांस ख्रिस्तसभेबाहेर काढल्याचे फर्मान जाहीर केले. त्या देशातील बहुसंख्य धर्मगुरू या उठावापासून दूरच राहिले. आम्ही त्या निरपराध रक्ताचे समर्थन करू शकत नाही, व ज्या अन्यायाने ते सांडविले त्याचेही समर्थन करू शकत नाही.

तथापि याच अल्पकाळात त्यांच्या हातून एक असे कार्य झाले, की त्यामुळे त्यांचे नाव अजरामर झाले. ६ डिसेंबर १८१० रोजी ग्वादालाहारा येथून त्यांनी फर्मान काढले की, प्रत्येक गुलामाच्या मालकाने दहा दिवसांच्या आत त्यास मुक्त करावे. न केल्यास देहान्त शिक्षा. खंडणीही त्याच फर्मानाने रद्द झाली. उत्तर अमेरिकेतील संयुक्त संस्थानांनी संपूर्ण गुलामगिरी बंद केली ती १८६५ साली, हे ध्यानात घेतले म्हणजे डोलोरेसच्या या धर्मगुरूची दृष्टी किती पुढे गेली होती हे उमगते. परंतु फर्मान अमलात येण्याइतके आयुष्य त्यांच्या सेनेस लाभले नाही. ऑक्टोबरात राजधानीच्या वेशीपर्यंत जाऊन ते मागे वळले होते. १७ जानेवारी १८११ रोजी काल्देरोनच्या पुलापाशी त्यांचा मोड झाला, मार्चमध्ये ते विश्वासघाताने पकडले गेले आणि धर्मगुरुपदावरून दूर करून ३० जुलै १८११ रोजी चिवावा येथे त्यांस गोळ्या घालण्यात आल्या. मरणापूर्वी त्यांनी पापनिवेदन केले, आणि कैदखान्यात आपणांस ममतेने वागविणाऱ्या रक्षकांचे आभार कोळशाने भिंतीवर काव्यात लिहून ठेवले. त्यांचे व त्यांच्या तीन सहकाऱ्यांची शिरे ग्वानाह्वातोच्या त्याच कोठाराच्या चार कोपऱ्यांस लोखंडी पिंजऱ्यांत टांगण्यात आली. दहा वर्षे ती तेथेच होती.

घंटेचा नाद मात्र थांबला नाही. हिदाल्गो यांचे शिष्य होसे मारिया मोरेलोस हे काराक्वारो या गरीब गावचे धर्मगुरू होते. तरुणपणी त्यांनी खेचरांच्या तांड्यावर काम केले होते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत त्यांस ‘स्पॅनिश’ म्हटले असले, तरी त्यांच्या रक्तात आफ्रिकी व मूळ रहिवाशांचाही अंश होता असे बहुतेक इतिहासकार मानतात. म्हणजे नोंदवहीतील शाई किती पोकळ असते याचे ते स्वतःच उदाहरण होते. ते गुरूपेक्षा कुशल सेनापती निघाले. सप्टेंबर १८१३ मध्ये चिल्पानसिंगो येथे राष्ट्रसभा भरवून त्यांनी तेवीस कलमांचा एक लेख तिच्यापुढे ठेवला. देश स्वतंत्र असावा. कॅथोलिक धर्म हाच देशाचा धर्म असावा. गुलामगिरी व जातिभेद कायमचे नष्ट व्हावेत आणि माणसामाणसांत सद्गुण व दुर्गुण एवढाच भेद उरावा. कायदे असे असावेत की श्रीमंताचा डौल व गरिबाचे दारिद्र्य दोन्ही कमी होतील. छळ करून जबानी घेऊ नये. आणि १२ डिसेंबर हा ग्वादालुपेच्या मातेचा दिवस सर्व गावांनी पाळावा, असा त्याचा आशय होता. २२ डिसेंबर १८१५ रोजी मोरेलोस यांसही गोळ्या घालण्यात आल्या.

आता नियतीचा खेळ पाहावा. १८२० साली स्पेनमध्येच क्रांती होऊन राजास उदारमतवादी घटना मान्य करावी लागली. तेव्हा आजवर राजाच्या बाजूने असलेले मेक्सिकोतील श्रीमंत, सेनाधिकारी व वरिष्ठ धर्माधिकारी यांस आपले विशेष हक्क जातील अशी भीती पडली, आणि त्यांनी स्वातंत्र्याची कास धरली. ज्या आगुस्तिन दे इतुर्बिदे यांनी वर्षानुवर्षे बंडवाल्यांचा पाठलाग केला होता, तेच आता बंडवाल्यांचे उरलेले पुढारी विसेन्ते गेर्रेरो यांच्याशी मिळाले. २४ फेब्रुवारी १८२१ च्या इग्वाला योजनेत धर्म, स्वातंत्र्य व ऐक्य अशी तीन अभिवचने होती. २७ सप्टेंबर १८२१ रोजी संयुक्त सेना राजधानीत शिरली. अकरा वर्षांचे युद्ध संपले. लाखो माणसे लढाई, उपासमार व साथी यांत दगावली होती, खाणींत पाणी भरले होते, रुप्याचे उत्पन्न निम्म्याहून खाली घसरले होते. पिंजऱ्यांतील शिरे खाली उतरविली गेली; परंतु सत्तेच्या खुर्चीवर बसले ते बहुतांशी त्या शिरांचे जुने वैरीच.

मग या युद्धाने मागे काय ठेविले? पहिली गोष्ट आमच्या मते सर्वांत मोलाची, आणि ती फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. १७ सप्टेंबर १८२२ रोजी नव्या राष्ट्रसभेने ठरविले की, सरकारी कागदांत व धर्मग्रामांच्या नोंदवह्यांत यापुढे कोणाचीही जात लिहू नये. तीनशे वर्षे चालत आलेली ती शाई कायद्याने पुसली गेली. पुढे १८२९ साली, स्वतः आफ्रिकी वंशाचा अंश असलेले राष्ट्राध्यक्ष गेर्रेरो यांनी गुलामगिरी रद्द करण्याचे फर्मान काढले. डोलोरेसच्या घंटेने ज्या माणसांस हाक मारली होती, त्यांस निदान कागदावर तरी एकच नाव मिळाले: नागरिक.

दुसरी गोष्ट अशी की, कागदावरील समता पोटास पुरली नाही. जुन्या कायद्याने मूळ रहिवाशांस कमी लेखले होते, परंतु त्यांच्या गावांच्या सामाईक जमिनीस काही संरक्षणही दिले होते. सर्व समान झाले तेव्हा ते संरक्षण गेले. १८५६ च्या कायद्याने धर्मसंस्थांच्या जमिनींबरोबर गावांच्या सामाईक जमिनीही विक्रीस निघाल्या आणि त्या मोठ्या जमीनदारांच्या घशात गेल्या. १९१० साली शेतकरी पुन्हा शस्त्र घेऊन उठले, ते याच अपुऱ्या राहिलेल्या वचनाकरिता. १९१७ च्या घटनेने गावांस जमीन परत देण्याचे तत्त्व मान्य केले. म्हणजे मोरेलोस यांच्या कलमास राष्ट्राच्या कायद्यात जागा मिळण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली.

तिसरी गोष्ट ख्रिस्तसभेसंबंधी. पात्रोनातोचा हक्क राजाचा होता. राजा गेल्यावर बिशप कोणी निवडावे, याचा निकाल लागेना. १८१६ साली पोपमहाशयांनी अमेरिकेतील श्रद्धाळूंस स्पेनच्या राजाशी निष्ठेने राहण्याचा उपदेश केला होता, व मेक्सिकोचे स्वातंत्र्य रोमने मान्य केले ते १८३६ साली. दरम्यान एकेक बिशप निवर्तले आणि १८२९ मध्ये त्या विस्तीर्ण कॅथोलिक देशात एकही बिशप उरला नाही. राजदंडास टेकून उभे राहिलेले देऊळ, राजदंड मोडताच कसे डळमळते, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता? पुढे राज्य व ख्रिस्तसभा यांचे वैर वाढत गेले. १८५७ व १९१७ च्या दोन्ही घटना, ज्यांनी ख्रिस्तसभेचे हात बांधले, त्या ५ फेब्रुवारीस, म्हणजे संत फेलिपे व आपले संत गोन्सालो यांच्या हौतात्म्याच्या दिवशी जाहीर झाल्या. १९२६ साली छळ इतका वाढला की बिशपांनी सार्वजनिक उपासना थांबविली. सुमारे तीन वर्षे मेक्सिकोच्या देवळांत मिस्सा झाली नाही. ज्या देशाचे स्वातंत्र्य देवळाच्या घंटेने जन्मास आले, त्याच देशाच्या घंटा मुक्या झाल्या! १९२९ साली त्या पुन्हा वाजल्या. ख्रिस्तसभेस कायदेशीर मान्यता मात्र १९९२ साली मिळाली.

डोलोरेसची घंटा आता डोलोरेसमध्ये नाही. १८९६ साली ती मेक्सिको शहरी नेऊन राष्ट्रीय प्रासादाच्या सज्जावर बसविण्यात आली. दरवर्षी १५ सप्टेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्ष ती वाजवितात व चौकात जमलेला जनसमुदाय जयघोष करतो. ज्या धर्मगुरूंस बंडखोर म्हणून गोळ्या घातल्या, त्यांच्या अस्थी १९२५ पासून राजधानीतील स्वातंत्र्यस्तंभाच्या पायाशी विसावल्या आहेत. जयघोष होतो व लोक घरी जातात. परंतु श्रीमंताचा डौल व गरिबाचे दारिद्र्य यांतील अंतर अजूनही त्या देशात मोठे आहे. म्हणून दरवर्षी वाजणारी ती घंटा विजयाची जेवढी, तेवढीच ऋणाची आठवण करून देणारी आहे, असे आम्हांस वाटते.

आणि ऋण केवळ मेक्सिकोवरच आहे काय? आपल्या देवळातील बाप्तिस्म्याची वही आज सर्वांस एकच आहे. शेतकऱ्याचे, कोळ्याचे, आदिवासी बांधवाचे, परगावाहून नोकरीनिमित्त आलेल्याचे मूल एकापाठोपाठ एक त्याच पानावर लिहिले जाते. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु तेच मूल मोठे होऊन लग्नसंबंधाची बोलणी सुरू झाली म्हणजे, जी नोंद वहीत नाही ती आपण मनाच्या वहीत शोधू लागतो, हे आपण प्रामाणिकपणे नाकारू शकू काय? सणाच्या दिवशी पुढच्या बाकावर कोण व मागच्या बाकावर कोण, हे अजून कोणत्या शाईने ठरते? मेक्सिकोच्या लोकांस ती शाई पुसण्याकरिता अकरा वर्षे रक्त सांडावे लागले, व पुसल्यावरही तिचा डाग पूर्णपणे गेला नाही. आपणांस कोणी कोयता उचलावयास सांगत नाही. आपणांस केवळ शेजारच्याच्या ओसरीवर जाऊन बसावयाचे आहे.

ज्युबिलीच्या दिवशी आपल्या देवळाची घंटा वाजेल. ती श्रीमंताकरिता निराळी व गरिबाकरिता निराळी वाजत नाही. जितक्यांच्या कानी पडते तितक्यांस ती एकाच सुराने बोलाविते. ज्याने तिचा नाद ऐकिला, त्याने आपल्या शेजाऱ्यास सोबत घेऊन देवळाची पायरी चढावी, एवढीच आमची प्रार्थना आहे.